लिम्फोमाची गाठ, यंत्राची मोजणी आणि रुग्णाचे भवितव्य

कृत्रिम बुद्धिमत्ता कॅन्सर ओळखण्यात डॉक्टरांच्याही पुढे गेली, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते, आता तालुक्याच्या गावी मशीन बसेल आणि गरिबाला मुंबई-पुण्याच्या चकरा माराव्या लागणार नाहीत. काहींना वाटते, ही सगळी श्रीमंतांच्या दवाखान्यांची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध? आम्हाला ही दोन्ही मते घाईची वाटतात. हे तंत्र नेमके काय मोजते, कशावरून शिकते आणि रुग्णाविषयी ते जे भाकीत करते त्यात कोणाकोणाचा अनुभव जमा झालेला असतो, हे आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. त्यासाठी या लेखात आम्ही एकच आजार घेतला आहे: लिम्फोमा, आणि त्यातही मुख्यतः फॉलिक्युलर लिम्फोमा.

स्टेज वेगळी, ग्रेड वेगळा

आपल्या शरीरात मान, बगल, जांघ, छाती आणि पोटात लसिकाग्रंथी असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी सुजलेली असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात आणि वाढतात. याच पेशींचा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही वर्षानुवर्षे संथ राहतात, काही आठवड्या-आठवड्यात वाढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्टनी २००० साली २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात डिफ्यूज लार्ज बी-सेल हा वेगाने वाढणारा प्रकार सर्वाधिक, सुमारे ३४ टक्के होता. संथ चालीच्या फॉलिक्युलर लिम्फोमाचे प्रमाण मात्र पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आढळले.

कॅन्सर म्हटले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "कितवी स्टेज?" स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पसरला आहे ते. ग्रेड ही वेगळी गोष्ट आहे. मायक्रोस्कोपखाली पेशी दिसतात कशा, त्यावरून आजाराचा स्वभाव किती आक्रमक आहे याचा जो अंदाज बांधतात, तो ग्रेड. फॉलिक्युलर लिम्फोमात या फरकाला मोठे महत्त्व आहे. आजार तिसऱ्या-चौथ्या स्टेजला असूनही ग्रेड कमी असेल, त्रास नसेल, तर डॉक्टर काही काळ औषध न देता नुसते लक्ष ठेवू शकतात. उलट ग्रेड '३ बी' असेल तर तो वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमासारखा मानून लगेच केमोथेरपी सुरू करतात. म्हणजे रिपोर्टवरच्या एका आकड्यावर रुग्णाचे पुढचे सहा महिने ठरू शकतात.

हा आकडा येतो कुठून?

फॉलिक्युलर लिम्फोमाच्या गाठीत प्रामुख्याने दोन प्रकारच्या पेशी दिसतात. सेंट्रोसाइटचे केंद्रक लहान आणि दुमडल्यासारखे किंवा खाच पडलेले असते. सेंट्रोब्लास्टचे केंद्रक मोठे, गोलसर, आतून फिकट आणि कडेला एक ते तीन ठळक ठिपके असलेले असते. सेंट्रोब्लास्ट जितके जास्त, तितका ग्रेड वरचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मान आणि बेरार्ड या अमेरिकी संशोधकांनी ते मोजण्याची पद्धत मांडली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ती स्वीकारली. पॅथॉलॉजिस्टने मोठ्या भिंगाखाली दहा जागा निवडायच्या, प्रत्येक जागेतले सेंट्रोब्लास्ट मोजायचे आणि सरासरी काढायची. ० ते ५ आले तर ग्रेड १, ६ ते १५ आले तर ग्रेड २, १५ च्या वर गेले तर ग्रेड ३. ग्रेड ३ मध्ये सेंट्रोसाइट अजून शिल्लक असतील तर '३ ए', नुसत्या सेंट्रोब्लास्टचेच थर असतील तर '३ बी'.

कागदावर ही पद्धत सरळ दिसते. प्रत्यक्षात तिच्यात तीन अडचणी आहेत.

पहिली, जागांची निवड. भिंगाखालची एक जागा ०.१५९ चौरस मिलिमीटरची धरली आहे. दहा जागा मिळून १.५९ चौरस मिलिमीटर होतात. स्लाइडवरचा गाठीचा काप १५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर. म्हणजे मोजणी होते ती जेमतेम एक टक्का भागाची. गाठ सगळीकडे सारखी नसते, म्हणून कुठली दहा ठिकाणे निवडली यावर उत्तर बदलते.

दुसरी, मायक्रोस्कोप. आजच्या अनेक मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा भाग जुन्यापेक्षा साधारण दीडपट मोठा असतो. हिशेबात ही दुरुस्ती केली नाही, तर एकावर जिथे १२ पेशी मोजल्या जातील तिथे दुसऱ्यावर १८ मोजल्या जातील. गाठ तीच, रुग्ण तोच, पण ग्रेड २ चा ३ होतो.

तिसरी, माणसाची नजर. सेंट्रोब्लास्टसारख्या दिसणाऱ्या इतर पेशीही गाठीत असतात, आणि सेंट्रोसाइट व सेंट्रोब्लास्ट यांच्या मधल्या रूपाच्या पेशीही असतात. एक तज्ज्ञ ज्या पेशीला सेंट्रोब्लास्ट म्हणतो तिला दुसरा म्हणेलच असे नाही. ग्रेड १ आणि २ मध्ये तर तज्ज्ञांची मते इतकी वेगळी पडत आली की हे दोन ग्रेड एकत्रच लिहिण्याचा प्रघात पडला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीने १ ते ३ ए हे ग्रेड लिहिणे ऐच्छिक केले आणि ३ बी ला स्वतंत्र नाव दिले. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने मात्र ग्रेड कायम ठेवले. म्हणजे हा आकडा ठेवावा की नाही, यावर जगभरच्या तज्ज्ञांचेही एकमत नाही.

यंत्र काय करते?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात संगणकतज्ज्ञ मेटिन गुरजान आणि पॅथॉलॉजिस्ट जेरार्ड लोझान्स्की यांच्या गटाने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नेमका हाच प्रश्न हाती घेतला. तज्ज्ञांचे ग्रेड आपसात किती जुळतात हेही या गटाने तपासले. काचेची स्लाइड असो की पडद्यावरचे चित्र, तफावत दोन्हीकडे होती.

संगणकाची पद्धत थोडक्यात अशी. आधी स्लाइड स्कॅनरमध्ये घालून तिचे डिजिटल चित्र बनवतात. एक ठिपका पाव मायक्रॉनचा धरला, तर वर सांगितलेल्या १५ बाय १० मिलिमीटरच्या कापाचे चित्र २४० कोटी ठिपक्यांचे होते. संगणक त्याचे लहान लहान चौकोन पाडतो. गाठीतले फॉलिकल, म्हणजे पेशींचे गोलाकार पुंजके, आधी शोधावे लागतात. ओहायोच्या गटाने त्यासाठी शेजारच्या कापाचा उपयोग केला. तो काप विशिष्ट प्रथिनांना चिकटणाऱ्या रंगद्रव्याने रंगवलेला असतो. मग नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाच्या स्लाइडवर त्या पुंजक्यांमधली केंद्रके वेगळी काढायची आणि प्रत्येकाचा आकार, गोलाई, रंगाची गडदता, पोत मोजून तो सेंट्रोब्लास्ट आहे की नाही ते ठरवायचे.

सुरुवातीच्या पद्धतींत कोणते गुण मोजायचे ते माणूस ठरवत असे. अलीकडच्या डीप लर्निंगमध्ये हजारो चित्रे आणि त्यांची उत्तरे दिली की कोणत्या खुणा बघायच्या ते संगणक स्वतः शिकतो. पण उत्तरे देणारा माणूसच असतो. तज्ज्ञांनी "हा सेंट्रोब्लास्ट" म्हणून खूण केलेल्या पेशींवरूनच यंत्र शिकते. खुणा करणाऱ्यांमध्ये मतभेद असतील तर ते यंत्रातही उतरतात. यंत्राचा फायदा असा की ते थकत नाही, एक टक्का भागावर थांबत नाही आणि तीच स्लाइड उद्या दाखवली तरी तेच उत्तर देते. मात्र रोज सारखे येणारे उत्तर बरोबर असेलच असे नाही. वजनकाटा दररोज शंभर ग्रॅमने चुकत असेल, तरी तो रोज सारखेच वजन दाखवतो.

दुसऱ्या गावची स्लाइड

स्लाइड बनवणे हे हातांचे काम आहे. गाठ शस्त्रक्रियेत काढल्यावर किती वेळात फॉर्मॅलिनमध्ये पडली, त्यात किती तास राहिली, मेणाच्या ब्लॉकमधून काप किती जाडीचा काढला, रंग ताजा होता की जुना, स्कॅनर कोणत्या कंपनीचा, या प्रत्येक गोष्टीने चित्र बदलते. माणसाची नजर असा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेते. यंत्राला तो जमेलच असे नाही.

फ्रान्समधील तुलूजच्या संशोधकांनी २०२० मध्ये फॉलिक्युलर लिम्फोमा आणि साधी सुजलेली ग्रंथी यांतला फरक ओळखणारी प्रणाली मांडली. आपल्या ओळखीच्या स्लाइडवर तिने उत्तम काम केले. दुसऱ्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या स्लाइड दिल्यावर ती घसरली. या गटाचे महत्त्वाचे काम असे की त्यांनी यंत्राला उत्तरासोबत आपली खात्री किती आहे तेही सांगायला लावले. अनोळखी स्लाइड आली की ती ओळखून माणसाकडे परत पाठवता यावी, हा त्यामागचा विचार.

हा मुद्दा आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. परदेशातल्या किंवा महानगरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या स्लाइडवर शिकलेले यंत्र जिल्हा रुग्णालयातून आलेल्या स्लाइडवर तितकेच चांगले चालेल, हे गृहीत धरता येत नाही. तिथल्या स्लाइडवर ते तपासून बघावे लागते. "अचूकता अमुक टक्के" अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणाच्या स्लाइडवर?

भाकीत म्हणजे काय?

ग्रेड सांगणे हे पहिले काम. दुसरे काम अवघड आहे, ते म्हणजे रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज. हा अंदाज यंत्राशिवायही बांधता येतो. फॉलिक्युलर लिम्फोमासाठी २००४ मध्ये 'फ्लिपी' नावाचा निर्देशांक आला. वय ६० किंवा जास्त, स्टेज तीन-चार, हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, रक्तातील एलडीएच वाढलेले आणि चारपेक्षा जास्त ठिकाणी गाठी, या पाच गोष्टी मोजल्या की रुग्ण कमी, मध्यम की जास्त धोक्याच्या गटात आहे ते कळते. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून दिसले की उपचारानंतर दोन वर्षांच्या आत सुमारे पाचातल्या एका रुग्णाचा आजार पुन्हा उफाळतो, आणि अशांपैकी जवळपास निम्मेच पुढची पाच वर्षे काढतात. इतरांमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होते. हा पाचातला एक रुग्ण उपचाराआधीच ओळखता आला तर किती बरे होईल, या आशेने संशोधक स्लाइडमध्ये आणि पेट-स्कॅनमध्ये खुणा शोधत आहेत. पेट-स्कॅनवर शरीरातल्या सगळ्या गाठींचे एकूण आकारमान मोजणे हे माणसाला फार वेळखाऊ काम आहे. तिथेही संगणकाची मदत होते.

आज यश कितपत आहे? अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या गटाने डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या २०९ रुग्णांच्या स्लाइडची डिजिटल चित्रे सर्वांसाठी खुली केली. संगणकाने प्रत्येक केंद्रकाचा आकार मोजला आणि त्यावरून कोण जास्त जगेल याचा अंदाज बांधला. या अंदाजाचा गुणांक ०.६३५ आला. नाणे उडवून ठरवले तर ०.५ येतो, अंदाज पूर्ण बरोबर असेल तर १. म्हणजे पेशींच्या आकारात काहीतरी माहिती नक्की आहे, पण एवढ्यावर एखाद्या माणसाचे भविष्य सांगता येत नाही. "तीस टक्के रुग्णांचा आजार उलटतो" हे वाक्य गटाविषयी असते. समोर बसलेला माणूस त्या तिसांत आहे की सत्तरांत, हे त्यात लिहिलेले नसते.

भाकिताला उपचाराची चौकट असते

फॉलिक्युलर लिम्फोमाच्या गाठीत कॅन्सरच्या पेशींसोबत मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशीही असतात. २००५ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी दाखवले की या पेशी जास्त असलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी भरते. तीन वर्षांनी फ्रेंच गटाने केमोथेरपीसोबत रिटुक्सिमॅब मिळालेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात हा वाईट परिणाम दिसला नाही. पेशी त्याच होत्या, औषध बदलले आणि त्या पेशींचा अर्थ बदलला.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोणतेही भाकीत विशिष्ट उपचार मिळालेल्या लोकांच्या अनुभवातून येते. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. भारतात २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती आणली, तेव्हा ते अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले. तरीही उपचार पूर्ण होणे ही नुसत्या औषधाच्या किमतीची बाब नाही. नेहमीच्या पद्धतीत दर २१ दिवसांनी एक अशी सहा आवर्तने असतात. त्यानंतर काहींना दोन वर्षांपर्यंत दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसले, तरी बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, शहरातला मुक्काम आणि घरी मागे राहिलेली मुले हे प्रश्न उरतातच. पूर्ण उपचार मिळालेल्यांवरून शिकलेले यंत्र अर्ध्यावर उपचार सुटलेल्या माणसाविषयी काहीच सांगू शकत नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा संख्याशास्त्राच्या तासाला एक शब्द भेटला होता: 'सेन्सर्ड'. रुग्ण किती काळ जगले याचा हिशेब करताना, ज्याचा पुढचा ठावठिकाणा लागत नाही त्याला हे नाव देतात. तो शेवटचा दिसला त्या दिवसापर्यंतच हिशेबात धरला जातो. गणित असे गृहीत धरते की नजरेआड झालेले आणि टिकून राहिलेले रुग्ण सर्वसाधारणपणे सारखेच असतात. पण गावावरून येणारा ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणारी बाई, रोजंदारीवरचा बिगारी हे योगायोगाने नजरेआड होत नाहीत. त्यांना जी परिस्थिती फाईलमधून बाहेर ढकलते तीच त्यांचा आजारही वाढवते. यंत्राच्या शिकवणीत अशांची स्लाइड असू शकते, त्यांची गोष्ट मात्र अर्धवट असते. त्यामुळे ज्यांची परिस्थिती सर्वांत बिकट, त्यांच्याविषयीचे भाकीत सर्वांत कच्चे राहते. एखादा रुग्ण पुढच्या तारखेला का आला नाही हे फोन करून विचारणे, त्याला परत आणणे, आणि त्याचे काय झाले ते रुग्णालयाच्या नोंदीत पोहोचवणे हे समाजसेवकाचे काम म्हणूनच विज्ञानाचेही काम आहे.

आपण काय करू शकतो?

यंत्राच्या आधीच्या पायऱ्या आपल्या हातात आहेत. त्या चुकल्या तर पुढचे कोणतेही तंत्र उपयोगी पडत नाही.

१. मानेत, बगलेत किंवा जांघेत आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत गेली, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे अशा गाठीत पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो अनेकदा खराही असतो. पण तपासणीत क्षयरोग सिद्ध झाला नसेल आणि औषध घेऊनही गाठ वाढत असेल, तर बायोप्सीविषयी विचारा. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

२. सुईने पाणी काढून केलेली तपासणी लिम्फोमाचा ग्रेड ठरवायला पुरत नाही, कारण त्यात गाठीची रचना दिसत नाही. शक्य असेल तिथे अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते.

३. काढलेली गाठ प्रयोगशाळेत न्यायला नातेवाइकाच्या हाती देतात, तेव्हा ती भरपूर फॉर्मॅलिनमध्ये आहे ना, बरणीवर नाव आहे ना, हे विचारून घ्या आणि त्याच दिवशी पोहोचवा. सलाईनमध्ये किंवा कोरडी राहिलेली गाठ खराब होते.

४. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक कुठे आहे ते विचारा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही.

५. रिपोर्ट संगणकाच्या मदतीने केला असेल तर अंतिम सही कोणत्या पॅथॉलॉजिस्टची आहे, ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. माणसाची देखरेख, उत्तरदायित्व, खासगीपणा आणि भेदभाव न होणे यांवर त्यांत भर आहे. आपल्या रुग्णाच्या स्लाइडचा उपयोग संशोधनासाठी होणार असेल, तर त्याला समजेल अशा भाषेत संमती घेतली गेली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

ज्या जिल्ह्यात लिम्फोमाचा अनुभव असलेला पॅथॉलॉजिस्ट नाही, तिथली स्लाइड स्कॅन करून दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे आणि संगणकाने संशयित भाग आधीच दाखवून देणे, यात रुग्णाचे आठवडे वाचू शकतात. म्हणून या तंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयात चांगला फॉर्मॅलिन, प्रशिक्षित तंत्रज्ञ, भरलेली पॅथॉलॉजिस्टची पदे आणि त्यानंतर स्कॅनर, अशा क्रमाने ते यावे अशी मागणी आपण केली पाहिजे. वैद्यकीय, संगणक किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी या क्षेत्रात जरूर यावे. कोणाच्या स्लाइड घ्यायच्या, कोणाचा पाठपुरावा करायचा आणि यंत्र कुठे तपासून बघायचे हे ठरते त्या टेबलावर आपली माणसे बसलेली असायला हवीत.